तासाचा विक्रम आणि त्यानंतरची वर्षं: ग्रेम ओब्रीचं प्रकरण

ग्रेम ओब्रीचं नाव निघालं की वॉशिंग मशीनच्या बेअरिंगची गोष्ट निघतेच. स्कॉटलंडमधला हाताला काम नसलेला एक तरुण, त्याने स्वतः जोडलेली सायकल, तिच्यात वॉशिंग मशीनमधून काढलेलं बेअरिंग, आणि त्या सायकलवर बसून त्याने मोडलेला ट्रॅक सायकलिंगमधला सगळ्यात मानाचा विक्रम. गोष्ट एवढी रंगते की सांगणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षांत जे घडलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

थोडक्यात हकिकत अशी. १९९३ ते १९९५ या काळात ओब्रीने तासाचा विश्वविक्रम (एका तासात ट्रॅकवर सगळ्यात जास्त अंतर कापण्याचा) दोनदा केला आणि चार किलोमीटर पर्सूटचं, म्हणजे दोघांनी एकमेकांचा पाठलाग करायच्या शर्यतीचं, जगज्जेतेपद दोनदा मिळवलं. त्याच काळात तो आतून खचत चालला होता. डिसेंबर २००१ मध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि थोडक्यात वाचला. बायपोलर डिसऑर्डर (मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार), वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली लैंगिकता, लहानपणी सोसलेला छळ, या गोष्टी उघडपणे बोलल्या जायला पदकांनंतर बरीच वर्षं जावी लागली. जिंकणाऱ्या माणसाची काळजी करावी, असं खेळात सहसा कुणाच्या मनात येत नाही. शिवाय ओब्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तो सगळं एकट्याने करायचा, आणि लोकांना त्याचं तेच आवडायचं.

पोलिसाचा मुलगा

ओब्रीचा जन्म ११ सप्टेंबर १९६५ चा, इंग्लंडमधल्या ननईटनचा. वाढला मात्र स्कॉटलंडच्या एअरशायर भागातल्या न्यूमिल्न्स या लहानशा गावात. वडील पोलिसात होते. गावातल्या पोरांचा पोलिसांवरचा राग या घरातल्या मुलांवर निघायचा. मारहाण, टोमणे, खेळायला न घेणं हे रोजचंच. ग्रेम आणि त्याचा भाऊ गॉर्डन यांना एकमेकांचाच आधार होता. सायकल हाती आली तेव्हा गावाबाहेर पडायची वाट सापडली. हा मुलगा आधी पळून जाण्यासाठी सायकलवर बसला, शर्यती नंतर आल्या. हे लक्षात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. किशोरवयातही त्याने एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता.

पुढे तो ब्रिटनमधल्या हौशी टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी धावायच्या, शर्यतींत चमकू लागला. तिथे त्याची गाठ पडली ख्रिस बोर्डमनशी. बोर्डमन म्हणजे शिस्त, प्रशिक्षक, मोजमापं, वेळापत्रक. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने लोटस कंपनीच्या काळ्या कार्बन सायकलवर पर्सूटचं सुवर्ण जिंकलं आणि तो ब्रिटनचा लाडका झाला. ओब्री तेव्हा घरी बसून होता. सायकलचं दुकान काढलं होतं ते बुडालं होतं, डोक्यावर देणी होती, घरात पत्नी आणि लहान मूल. अशा वेळी माणूस नोकरी शोधतो. ओब्रीने ठरवलं, तासाचा विक्रम मोडायचा.

एक तास

हा विक्रम समजायला अगदी सोपा आहे. ट्रॅकवर एकट्याने सायकल चालवायची, बरोबर एक तास, आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहतं, म्हणजे पाय थांबवून दम खायची सोय नाही. १८९३ मध्ये आँरी देग्राँज या फ्रेंच माणसाने ३५.३२५ किलोमीटर कापून पहिला मान्यताप्राप्त विक्रम केला. पुढे टूर द फ्रान्स सुरू करणारा तो हाच. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. तिथेच १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने डिस्क चाकं, म्हणजे आऱ्यांऐवजी भरीव तबकडी असलेली चाकं, लावून ५१.१५१ किलोमीटर केले. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे, तिथली हवा विरळ आणि म्हणून अडवते कमी. मोझरचा आकडा नऊ वर्षं कुणाला हलवता आला नव्हता.

ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाला सायकलपटूची जवळजवळ सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेला अडणारा मोठा भाग सायकलचा नसून माणसाच्या अंगाचा असतो. सायकल कंपन्या नळ्या आणि चाकं घासूनपुसून गुळगुळीत करत होत्या तेव्हा ओब्रीने माणसाच्या बसण्याचा विचार केला. उतारावर सुसाट येणारा स्कीपटू हात छातीशी घेऊन अंग मुडपतो, तसं सायकलवर बसता येईल का, हा त्याचा प्रश्न होता.

त्यातून जी सायकल तयार झाली तिला तो ‘ओल्ड फेथफुल’ म्हणायचा. तिचं हँडल अगदी आखूड आणि मागे, जवळपास छातीखाली. थंडीत हात काखेत दाबून धरावेत तसे त्याचे हात अंगाखाली दुमडलेले, कोपरं मागे, आणि छाती जवळजवळ हातांवरच टेकलेली. समोरून पाहिलं तर हात दिसतच नाहीत, हवेला ते लागतच नाहीत. पण एवढं वाकून बसल्यावर गुडघे वर येऊन वरच्या नळीवर आपटणार, म्हणून फ्रेमची वरची आडवी नळीच काढून टाकली. पाय एकमेकांच्या जितके जवळ फिरतील तितकं चांगलं, असं त्याचं मत. त्यासाठी दोन पॅडलमधला भाग नेहमीपेक्षा अरुंद हवा होता, आणि त्या अरुंद जागेत बसेल असं बेअरिंग त्याला वॉशिंग मशीनमध्ये सापडलं. म्हणजे बेअरिंग हा एका लांब तर्काचा शेवटचा तुकडा होता. हँडल, नळी, पायांमधलं अंतर, प्रत्येक बदलामागे कारण होतं आणि प्रत्येक कारण त्याने स्वतःच्या अंगावर तपासून पाहिलं होतं. याला नुसतं जुगाड म्हणणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो. पुढे त्याला स्वतःलाही वाटायला लागलं की बेअरिंगची गोष्ट सांगायलाच नको होती, कारण लोक बाकीचं काही विचारेनासे झाले.

हामार

जागा ठरली नॉर्वेमधलं हामार. १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्केटिंगसाठी तिथे उलट्या जहाजासारख्या छपराचा प्रचंड हॉल बांधला होता आणि त्यात लाकडी सायकल ट्रॅक बसवला होता. १६ जुलै १९९३ ला ओब्री ट्रॅकवर उतरला. त्या दिवशी त्याच्याखाली ‘ओल्ड फेथफुल’ नव्हती, तिच्या धर्तीवर बनवलेली नवी, जास्त देखणी सायकल होती. ती बनवली होती माइक बरोज यांनी. बोर्डमनच्या लोटस सायकलचा मूळ आराखडाही याच बरोज यांचा. तास संपला तेव्हा मोझरचा आकडा त्याला गाठता आला नव्हता.

इथे कुणीही सामान आवरलं असतं. अशा एका तासानंतर पायांत काही शिल्लक राहत नाही, सायकलपटू पुन्हा प्रयत्न करायला आठवडे घेतात. ओब्रीने उतरल्या उतरल्या सांगून टाकलं की उद्या सकाळी पुन्हा. ट्रॅक चोवीस तासांसाठी घेतलेला होता, त्या मुदतीत जे बसेल ते.

त्या रात्री त्याने काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. झोपून उठल्यावर पाय आखडणार, हे त्याला माहीत होतं. मध्ये मध्ये उठून स्नायू ताणायला हवेत, पण थकलेला माणूस गजराने उठेल याचा भरवसा नाही. म्हणून झोपण्याआधी तो पोटभर पाणी प्यायला. लघवीला जाग आली की उठायचं, पाय ताणायचे, पुन्हा पाणी प्यायचं, पुन्हा आडवं व्हायचं. रात्रभर हेच. सकाळी तो स्वतःच्या जुन्या ‘ओल्ड फेथफुल’वर बसला आणि ५१.५९६ किलोमीटर कापले. मोझरपेक्षा ४४५ मीटर जास्त, तेही विरळ हवेच्या मदतीशिवाय.

विक्रम त्याच्याकडे सहाच दिवस राहिला. २३ जुलैला बोर्डमनने फ्रान्समधल्या बोर्दोच्या ट्रॅकवर ५२.२७० किलोमीटर केले. टूर द फ्रान्सचा त्या दिवसाचा टप्पा बोर्दोलाच संपणार होता, त्यामुळे सगळे पत्रकार आयतेच हजर होते. महिनाभराने जागतिक स्पर्धा पुन्हा हामारलाच झाली. पर्सूटमध्ये दोन सायकलपटू ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. ओब्रीने उपांत्य फेरीत बोर्डमनला हरवलं, अंतिम फेरीत फ्रान्सच्या फिलिप एर्मनोला हरवलं आणि तो जगज्जेता झाला. २७ एप्रिल १९९४ ला त्याने बोर्दोला ५२.७१३ किलोमीटर करून तासाचा विक्रमही परत घेतला.

वरून पाहिलं तर ही वर्षं सोन्याची. आपल्याला आनंद व्हायचा नाही, हरलो नाही म्हणून फक्त सुटल्यासारखं वाटायचं, असं त्याने नंतर सांगितलं आहे. मला हामारची ती रात्र आता निराळी दिसते. दर दोन तासांनी स्वतःला उठवणाऱ्या माणसाची जिद्द तर तिच्यात आहेच. पण हरलो तर आपण कुणीच नाही, या भीतीपोटी माणूस शरीराला कुठवर ताणतो, हेही तिच्यात आहे. त्याच्यासोबत कुणी डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ असता तर त्याने ‘शाबास’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारले असते.

नियम

ओब्रीची बसण्याची पद्धत उपयोगी आहे हे मोझरनेच कबूल केल्यासारखं झालं. जानेवारी १९९४ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी तो मेक्सिको सिटीत तसाच बसला आणि त्याने स्वतःचा जुना आकडा मागे टाकत ५१.८४० किलोमीटर केले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला, म्हणजे यूसीआयला, हे रुचलं नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मोला जागतिक स्पर्धा होती. तिथे ऐन शर्यतीच्या तोंडावर सांगण्यात आलं की अशा पद्धतीने बसता येणार नाही. ओब्री तसाच बसून धावला आणि बाद झाला. जगज्जेतेपद बोर्डमनकडे गेलं.

नियम करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. सायकल शर्यत ही माणसांची असावी, आकारांची नसावी, हा विचार प्रामाणिक असू शकतो. पण नियम करायचा तर वेळेवर करावा, सगळ्यांना सारखा लागू करावा आणि खेळाडूला तयारीला अवधी द्यावा. शर्यतीच्या तोंडावर काढलेला नियम एका माणसाविरुद्धचा निकाल वाटतो, आणि ज्याला लहानपणापासून ‘तू आमच्यातला नाहीस’ हेच ऐकवलं गेलं, त्याला तो कसा लागला असेल याची कल्पना करता येते.

त्याने भांडणापेक्षा काम केलं. हात आखडून घ्यायला बंदी, तर हात पूर्ण पुढे ताणून बसायचं. या पद्धतीला लोक ‘सुपरमॅन’ म्हणू लागले. १९९५ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला तो असा बसून पुन्हा जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी इटलीच्या आंद्रेआ कोलिनेल्लीने याच पद्धतीने अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्ण नेलं, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये बोर्डमनने मँचेस्टरला असंच बसून ५६.३७५ किलोमीटर केले. मग यूसीआयने तीही पद्धत बंद केली. २००० मध्ये तर त्यांनी मर्क्सच्या काळासारखी साधी सायकल सक्तीची केली आणि मधल्या सगळ्या विक्रमांना वेगळ्या यादीत टाकलं. २०१४ मध्ये नियम पुन्हा बदलले. बोर्डमनचा १९९६ चा आकडा अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर करून ओलांडला. सव्वीस वर्षं जो आकडा टिकला तो ज्या बसण्यावर उभा होता ते बसणं एअरशायरच्या या माणसाने शोधलेलं होतं.

ज्या संघात तो टिकला नाही

१९९४ च्या शरद ऋतूत गॉर्डन मोटार अपघातात गेला. लहानपणीचा तोच एक सोबती. याच सुमाराला ओब्रीला ल ग्रुपमाँ या फ्रेंच व्यावसायिक संघाचा करार मिळाला होता, टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या छोट्या टप्प्यात धावायची संधी समोर होती. संघाच्या पहिल्या एकत्र येण्याला तो पोहोचला नाही आणि संघाने त्याला काढून टाकलं. नंतर त्याने जाहीरपणे सांगितलं की या संघात राहायचं तर उत्तेजकं घ्यावी लागतील हे आपल्याला स्पष्ट दिसलं होतं आणि आपण नकार दिला. नव्वदच्या दशकातल्या व्यावसायिक सायकलिंगबद्दल पुढे जे जे बाहेर आलं ते पाहता त्याच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही. तो संघही १९९५ च्या टूरआधीच बंद पडला.

विक्रम संपल्यावर

ओब्रीच्या आयुष्याचा सगळ्यात अवघड काळ तो हरायला लागल्यावर आला, असं सरळ म्हणता येत नाही. आजार आधीपासून होता. खेळातल्या एका ध्येयामागून दुसरं ध्येय असं लावून तो स्वतःला सावरत होता, आणि ध्येयं संपल्यावर सावरायला काही उरलं नाही. खेळामुळे नैराश्य येतं, हे त्याला मान्य नाही. आधीच पोखरलेली माणसं स्वतःवर इलाज म्हणून खेळाकडे ओढली जातात, असं त्याचं म्हणणं आहे. मला हा मुद्दा या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. तो खरा धरला तर चौदा-पंधरा तास सराव करणारं पोर दिसल्यावर आपण नुसतं कौतुक करून चालत नाही. ते कशापासून पळतंय, हेही विचारावं लागतं.

डिसेंबर २००१ मध्ये तो मृत्यूच्या दारातून परत आला, कारण वेळेवर कुणीतरी तिथे पोहोचलं. (असे विचार तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या मनात येत असतील तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.) त्यानंतर उपचारांना खरी सुरुवात झाली. उपचारांचाच भाग म्हणून त्याने स्वतःबद्दल लिहायला घेतलं आणि त्यातून २००३ मध्ये आत्मचरित्र आलं, २००६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. ज्या गोष्टी त्याने सख्ख्या माणसांनाही सांगितल्या नव्हत्या त्या आता अनोळखी वाचकांनाही कळल्या.

तरी एक गोष्ट उरली होती. जानेवारी २०११ मध्ये त्याने एका स्कॉटिश वर्तमानपत्राला सांगितलं की आपण समलिंगी आहोत. सत्तरच्या दशकातल्या आपल्या गावात समलिंगी असण्यापेक्षा मेलेलं बरं, अशीच समजूत होती आणि तीच आपल्यात मुरली होती, असं त्याने सांगितलं. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता, लग्न मोडलं होतं, मुलगे मोठे झाले होते. त्या काळात पुरुषांच्या सायकलिंगमध्ये असं उघड सांगणारा मोठा खेळाडू शोधून सापडला नसता.

आता मागे वळून पाहिलं की ज्याचं आपण कौतुक करतो तेच खुपायला लागतं. त्याला प्रशिक्षक नव्हता, संघ नव्हता, सायकलसुद्धा दुसऱ्याची नको होती. सगळं एकहाती. प्रशिक्षक नाही म्हणजे सराव अंगाबाहेर जातोय हे सांगणारा कुणी नाही. संघाचा डॉक्टर नाही म्हणजे झोप उडालीय का हे विचारणारा कुणी नाही. बोर्डमनजवळ ही माणसं होती. बोर्डमन कणखर आणि ओब्री कच्चा, असा याचा अर्थ काढणं चूक आहे. एकाभोवती माणसं होती, दुसऱ्याभोवती गोष्ट होती. ‘स्वयंपाकघरात सायकल बनवणारा अवलिया’ ही गोष्ट इतकी छान होती की त्या अवलियाला कुणाची गरज आहे असं कुणालाच वाटलं नसावं, आणि मदत मागणं त्याला स्वतःलाही येत नव्हतं. सुधारणा झाली ती उपचार करणाऱ्यांना, घरच्यांना आणि मग सगळ्यांना आत येऊ दिल्यावर.

बॅटल माउंटन

२०१३ मध्ये ओब्रीने पुन्हा एक सायकल बनवली, आणि हो, सॉल्टकोट्सच्या आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातच. तिचं नाव ‘बीस्टी’. तिच्यावर पालथं झोपायचं, डोकं पुढे आणि रस्त्यापासून वीतभर वर, पाय मागे, आणि भोवती पूर्ण बंद कवच. खांद्यांना आधार द्यायला त्याने एक जुनं स्वयंपाकाचं भांडं कापून वापरलं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात बॅटल माउंटन गावाजवळच्या सपाट, सरळ रस्त्यावर दर सप्टेंबरात माणसाच्या ताकदीवर चालणाऱ्या वाहनांच्या वेगाच्या चाचण्या होतात, तिथे तो गेला. सुरुवातीला त्याने ताशी शंभर मैलांचं स्वप्न बोलून दाखवलं होतं. प्रत्यक्षात झाले ५६.६२ मैल, म्हणजे ताशी एक्क्याण्णव किलोमीटर. पालथं झोपून चालवायच्या सायकलींमध्ये तो जागतिक विक्रम ठरला, पण शंभराच्या कितीतरी अलीकडे.

तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. या खेपेला सोबत मदत करणारी माणसं होती, कॅमेरा घेऊन आलेले लोक होते, सायकलमध्ये काय बिघडतंय ते तो सगळ्यांसमोर बोलत होता आणि दुरुस्त करत होता. ठरवलेला आकडा गाठता आला नाही, तर तेही त्याने तसंच सांगितलं. नेवाडाहून परतल्यावरही तो सायकली चालवत राहिला, आणि शाळा, सायकल क्लब, सभागृहं जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन तासाच्या विक्रमाबद्दल बोलू लागला, आणि त्याच दमात स्वतःच्या आजाराबद्दलही.